व्हॉल्व्हवर नारळाचं पाणी

काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर बंद केला, भिंतीतला प्लग काढला, वर चहा पिऊन आलो, तरी तो माणसाला आडवा पाडू शकतो. आतल्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. मला त्यांनी आजवर तीनदा फेकलंय. एकदा नांदेडच्या माझ्या खोलीत मी स्टुलावरून थेट लोखंडी कपाटावर जाऊन आदळलो आणि पुढचा दात हातात आला. उठल्यावर पहिलं काम काय केलं, तर ॲम्प्लिफायरला लाथ घातली. पायाचं बोट मोडलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "तुमचा हात आधी जातो, डोकं मागून पोचतं." हात नाही, पाय गेला, यावरूनही मी तिच्याशी भांडलो.

मी तापट आहे हे कुणाला विचारायला नको. आयटीआय करून रेडिओ दुरुस्तीला बसलो, मग टीव्ही आले, मग तेही दुरुस्त करण्यापेक्षा फेकून देणं लोकांना परवडायला लागलं. आता गेली काही वर्षं माळ्यावरचे जुने सेट पुन्हा खाली उतरायला लागलेत: रेकॉर्ड प्लेअर, स्पूलचे टेपरेकॉर्डर, लाकडी खोक्यांतले जाडजूड स्पीकर. पुण्या-हैदराबादकडे नोकरीला असलेली पोरं सुट्टीत येतात आणि आजोबांचा सेट माझ्यासमोर ठेवतात. त्या सेटचे हाल बघून माझं डोकं फिरतं. आत उंदरांनी बाळंतपणं केलेली असतात. स्पीकरचा फाटलेला कागद कुणीतरी शाळेच्या डिंकानं चिकटवलेला असतो. निलंग्याच्या एका गिऱ्हाईकानं तबकडी फिरत नाही म्हणून आतल्या रबरी चाकाला गोडेतेल पाजलं होतं, आणि उरलेली बाटली मला दाखवायला घेऊनही आला होता. मी ती रस्त्यावर भिरकावली. तो सेट उचलून निघाला तेव्हा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि म्हणालो, "सेट ठेव, तू जा." पंधरा दिवसांनी दुरुस्त करून दिला. तो अजून नमस्कार करतो, पण लांबून.

असल्या माणसाला मित्र कसा मिळाला, हे कोडं मलाही सुटलेलं नाही. अण्णा लातूरचे, गंजगोलाईच्या मागे त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान, दुकानामागेच घर. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आवाज कधी चढायचा नाही. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला 'मिस्तरी' म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. ओळख झाली ती त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरमुळे, आणि टिकली ती त्यांच्या कानामुळे.

तो कान काय होता ते सांगितलं पाहिजे. पोत्यातली मूठभर तूर ते पत्र्याच्या ताटात वरून सोडायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, ओली आहे की वाळलेली. आडतीवर लोक त्यांना बोलावून न्यायचे. माझ्याकडे आले की खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवून डोळे मिटून बसायचे. मी दोन्ही स्पीकर लावायचो. थोड्या वेळानं म्हणायचे, "मिस्तरी, डावीकडचा जरा मागं हाय." मीटर लावून बघितलं की खरंच सुईभर फरक निघायचा. मी मुद्दाम फसवायचो, बटण न सांगता केसभर फिरवायचो. ते डोळे न उघडता हसायचे, "आता उजवीकडं सरकवलास. खेळ पुरे कर." मी सेट उघडायचो, जोडायचो, पण तो बरा झाला की नाही हे ते सांगायचे. सात-आठ वर्षांत माझ्या हातून गेलेला एकही चांगला सेट त्यांनी ऐकल्याशिवाय गेलेला नाही.

आणि तोच कान मी फोडला.

आम्ही दोघांनी मिळून एक ॲम्प्लिफायर उभा केला होता. उदगीरच्या एका जुन्या घरातून आला तेव्हा तो म्हणजे गंजलेला पत्रा होता. त्याचा ट्रान्सफॉर्मर अहमदपूरच्या एका म्हाताऱ्या मोटार-रिवाइंडिंगवाल्यानं हातानं गुंडाळून दिला. एका पाटावर बसून, दर थराला कागद घालत, वेढे मोजत त्यानं सतरा दिवस घेतले आणि देताना म्हणाला, "आता पुन्हा आणू नका, डोळे गेले." वर्षभरापेक्षा जास्त त्या कामात गेलं. व्हॉल्व्ह वरून उघडेच होते, काचेचे, तापले की आत नारिंगी तार दिसायची. तो मी अण्णांच्या घरी नेऊन ठेवला, कारण तो ऐकायचा हक्क त्यांचा होता.

खंडेनवमीला त्यांनी मला बोलावलं होतं. त्या दिवशी त्यांच्याकडे दुकानातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. सकाळच्या एसटीनं मी लातूरला उतरलो, हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या घरी नारळ फुटत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून देव, पूजा सगळं बंद. पण अण्णांच्या घरी मी दरवर्षी पूजेला उभा राहायचो, हात न जोडता, आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

दुकानाच्या दारात पोचलो तर समोर लाकडी फळीवर झेंडूच्या माळा घालून सगळं मांडलेलं: तराजू, वजनं, पोती शिवायचा दाभण, खिळे उपटायची पक्कड, आणि या सगळ्यांच्या मधोमध आमचा ॲम्प्लिफायर. तोही हळद-कुंकवाची बोटं लावलेला. आणि चालू. शेजारी तबकडी फिरत होती, एक जुनी कव्वाली लागलेली होती. नंतर कळलं, अण्णांचं म्हणणं होतं की बाकीची अवजारं मुकी आहेत, हे एक बोलतं, तर पूजेला त्यानं गप्प का बसावं.

त्यांनी दगडावर नारळ फोडला. एक शकल हातात घेऊन त्यातलं पाणी ते ओळीनं शिंपडत निघाले, तराजूवर थोडं, वजनांवर थोडं, दाभणावर थोडं. मी ओरडलो. माझं ओरडणं पोचायच्या आत पाणी तापलेल्या व्हॉल्व्हवर पडलं.

काच फुटल्याचा टच् असा आवाज झाला. मग ॲम्प्लिफायरमधून खोल, दाबल्यासारखी घरघर आली, जशी गळा धरलेल्या जनावराची येते. मी प्लगपर्यंत पोचेतो ट्रान्सफॉर्मरमधून काळा धूर निघाला आणि डांबर जळाल्याचा वास दुकानभर पसरला. अण्णा हातात शकल धरून तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याखाली थोडं हसू होतं, चूक झाल्यावर मोठी माणसं हसतात तसं. त्या हसण्यानं माझं उरलंसुरलं भान गेलं.

"अक्कल हाय का तुला?" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'तू' म्हणालो. आणि उजव्या हाताची, खांद्यातून आलेली, पूर्ण ताकदीची थप्पड त्यांच्या डाव्या कानावर मारली.

ते तराजूवर पडले. साखळ्या खळखळल्या, वजनं फळीवरून गडगडत खाली गेली, टोपी झेंडूच्या माळांत जाऊन पडली. ते उठायला गेले आणि पुन्हा बसले, तोल गेल्यासारखे. कानातून बारीक रक्ताची धार मानेवर आली आणि तिथल्या विभूतीच्या पट्ट्यांत मिसळली. तबकडी तशीच फिरत होती, आवाज न करता. आतून वहिनी आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाल्या, "भाऊजी, आज नवमी हाय."

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी अण्णांना उठवलं नाही. मी ॲम्प्लिफायर उचलला. वायरी उपटल्या, चेसिसच्या गरम पत्र्यानं तळहात भाजला तरी सोडला नाही, आणि तो अठरा-वीस किलोचा गोळा छातीशी धरून बस स्टँडवर गेलो. लातूर ते नांदेड तो मांडीवर होता. अहमदपूर येईपर्यंत मी मनातल्या मनात अण्णांना आणखी दहा थपडा मारल्या. लोह्याच्या पुढे कुठेतरी राग उतरायला लागला, तर मी मुद्दाम अहमदपूरच्या म्हाताऱ्याचे डोळे आठवले आणि तो पुन्हा चढवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. बायको पांढरी साडी नेसून विहारात निघाली. "पंचशील म्हणायला तरी चला," ती म्हणाली. मी मान वर केली नाही. ती गेल्यावर ॲम्प्लिफायर उलटा केला, तळाचे स्क्रू काढले आणि किती जळालंय ते बघायला लागलो. अण्णांचा गुन्हा मला इंचाइंचानं मोजायचा होता.

नारळाच्या पाण्यात खार असतो. ते व्हॉल्व्हच्या पायांपर्यंत उतरलं होतं आणि तिथं शॉर्ट झालं होतं. इथवर अण्णाच. पण असा शॉर्ट झाला की फ्यूज उडतो. फ्यूज त्यासाठीच असतो: काचेच्या बोटभर नळीत केसासारखी तार, ती जळते आणि बाकीचं वाचतं. मी फ्यूजची टोपी फिरवून काढली. आत काचेची नळी होती, पण तिच्यावरून तांब्याची जाड तार गुंडाळलेली होती. दोन पदरी, घट्ट, शेवटचं टोक आत दुमडलेलं. तसं टोक मीच दुमडतो.

मग आठवलं. लातूरला तो पहिल्यांदा जोडला तो रविवार होता. व्होल्टेज उड्या मारत होतं, फ्यूज उडाला, जवळ दुसरा नव्हता, दुकानं बंद. अण्णा खुर्चीत बसून वाट बघत होते. मी वायरीतून तांब्याच्या तारा ओढून काढल्या, गुंडाळल्या आणि म्हणालो, "आजच्या पुरतं. पुढच्या खेपेला बदलतो." आपल्याकडे प्रत्येक मेकॅनिक हे करतो आणि दुसऱ्यानं केलेलं दिसलं की आईमाईवरून शिव्या देतो. मी दोन्ही केलंय. चार महिने ती तार तिथं होती. खरा फ्यूज असता तर एक व्हॉल्व्ह गेला असता. एक व्हॉल्व्ह, बस्स. ट्रान्सफॉर्मर मी जाळला होता, आणि कान अण्णांचा फोडला होता.

मी मीटर भिंतीवर फेकला. सोल्डरची गन फेकली. मग भिंतीवर बुक्क्या मारत सुटलो, त्याच हातानं, बोटांची साल निघेपर्यंत. बायको परत आली तेव्हा भिंतीला रक्त होतं. तिला वाटलं पुन्हा करंट बसला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा." मी म्हणालो सांगतो, आणि आठ दिवस फोनकडे बघत बसलो.

फोन शेवटी वहिनींचाच आला. अण्णांच्या कानात सारखी शिट्टी वाजते, झोपू देत नाही. डॉक्टर म्हणतात पडदा फाटलाय, तो दोन-तीन महिन्यांत आपोआप भरेल. पण मार आतल्या नसेपर्यंत गेला असेल, तर ती भरत नाही. "तुमाला कळावं म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. अण्णांच्या डाव्या कानात कापूस होता. कुणी काही मागितलं की ते मान वळवून उजवा कान पुढे करत होते. एक म्हातारा विचारत होता, "कानाला काय झालं ओ?" अण्णा म्हणाले, "माळ्यावरून डबा काढाया गेलो, शिडी सरकली." म्हणताना त्यांनी मला पाहिलं.

ती शिडी त्यांनी का उभी केली हे मला तिथंच कळलं. भर नवमीच्या पूजेत, माझ्यासारख्या घरातल्या माणसानं त्यांच्यासारख्या घरातल्या माणसाला मारलं, हे बाजारात गेलं असतं तर भांडण आमच्या दोघांचं राहिलं नसतं. माझ्या गल्लीपर्यंत आलं असतं. त्यांनी फुटलेल्या कानानं एवढा विचार केला होता, आणि मी धड डोक्यानं ॲम्प्लिफायर उचलला होता.

"अण्णा," मी तिथंच सुरू केलं, "मला सगळ्यांसमोर सांगायचंय..."

त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं जोरात की सालपट निघालेली बोटं ठणकली, आणि मला ओढत मागच्या गोदामात नेलं. "गप. भाईर माणसं हायत. मला खोटं पाडाया आलास व्हय?"

गोदामात तुरीची पोती रचलेली होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं. फ्यूज, तार, रविवार, 'आजच्या पुरतं'. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. ते म्हणाले, "हिकडून ये. त्या बाजूनं कळंना." मी उजवीकडे गेलो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्यांदा सांगणं जड गेलं.

"म्हंजी पाणी पडूनबी वाचला असता?"

"हाव."

"आन माझा कान?"

अण्णांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा राग कसा दिसतो ते मला ओळखता आलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी मला खांद्याला धरून पोत्यांवर ढकललं आणि पाठीत बुक्के घातले. एक, दोन, तीन, चार. साठीच्या माणसाचे, पोती उचलून घट्ट झालेल्या हातांचे बुक्के. माझा श्वास अडकला, तोंडात तुरीची धूळ गेली. मी म्हणालो, "कानफटात मारा. कानफटात मारा, अण्णा." ते थांबले. धापा टाकत होते.

"कानावर मारत न्हाई मी," ते म्हणाले. "तुला तो कामाला लागतो."

मग ते पोत्यावर बसले आणि रडले. मीही रडलो. वहिनी दारात आल्या होत्या, सगळं ऐकलं असावं. त्या घरात पाऊल ठेवलं की आधी तांब्याभर पाणी पुढं यायचं, एवढ्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशी त्या पाणी न देता परत गेल्या. त्यात जातीचं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी पाणी न मिळणं आमच्या घरातल्या माणसाला कुठं लागतं तेही माहीत आहे, आणि ते मी माझ्या हातानं ओढवून आणलं होतं. थोड्या वेळानं अण्णाच उठले, माठातून पाणी काढलं आणि पेला माझ्यासमोर आपटून ठेवला.

पुढचे चार महिने मी दुसरं काम घेतलं नाही. एका मेलेल्या रेडिओग्राममधून ट्रान्सफॉर्मर मिळवला. जळालेल्या वायरी एकेक करून काढल्या, व्हॉल्व्हचे पाय नवे घातले, चेसिसवरचं हळद-कुंकू तेवढं पुसलं नाही. फ्यूज खरा घातला आणि चार जास्तीचे तळाला चिकटवून ठेवले. ॲम्प्लिफायर पहिल्यापेक्षा चांगला झाला, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. यंत्राचं तसं असतं, बिघडलं काय ते सापडलं की ते बरं होतं. दरम्यान अण्णांचा पडदा भरल्याचं वहिनींनी कळवलं होतं. शिट्टीचं विचारलं तर म्हणाल्या, "तुमीच इचारा."

माघात एका दुपारी, दुकानाला सुट्टी असताना, मी तो लातूरला नेला. वहिनींनी पाणी दिलं. अण्णांनी खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. मी तबकडीवर सुई सोडली. व्हॉल्व्ह तापले, कव्वाली सुरू झाली. अण्णांचा चेहरा सैल पडत गेला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी त्यांच्याकडे बघत होतो, ऐकतच नव्हतो.

"आता बरोबर," ते म्हणाले. "दोनी बाजू सारख्या हायत."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हसतच मी खाली पाहिलं, तर डाव्या स्पीकरची वायर फरशीवर मोकळी पडली होती. घाईत जोडायची राहिली होती. खोलीत फक्त उजवा स्पीकर वाजत होता.

मी गुडघ्यावर बसलो, दोनदा वायर निसटली, तिसऱ्यांदा बसली. डावा स्पीकर वाजायला लागला, सगळी खोली आवाजानं भरून गेली, तबला एका बाजूला, टाळ्या दुसऱ्या बाजूला, एकेक माणूस आपापल्या जागी बसल्यासारखा.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"आवाज वाढवलास व्हय, मिस्तरी?"

"हाव, अण्णा," मी म्हणालो. "थोडा."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बरं वाटायलंय."